बर्फ पाहणारे आणि बर्फ उपसणारे

मागच्या व्याख्यानात आपण कांटच्या सौंदर्यविचारातली ‘उदात्त’ ही कल्पना पाहिली. ते संपल्यावर एका श्रोत्यांनी तक्रार केली की नुसत्या संकल्पनांनी पोट भरत नाही, एखादं उदाहरण घेऊन दाखवा. तक्रार रास्त आहे. म्हणून आज आपण एकच उदाहरण घेऊ, ते म्हणजे बर्फ. आणि बर्फावरची दोन पुस्तकं जरा चिकित्सकपणे वाचू. दोन्ही जपानी आहेत. आम्हाला जपानी येत नाही, दोन्ही इंग्रजी अनुवादातून वाचली आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

पण हे उदाहरण का निवडलं, ते सांगायला एक घरगुती प्रसंग सांगावा लागेल. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता मुलीकडे मिनेसोटात एक हिवाळा काढला. डिसेंबरातल्या एका पहाटे उठून पाहतो तर रात्रभर बर्फ पडून सगळं पांढरं झालेलं. अंगण कुठलं, रस्ता कुठला, काही कळेना. आम्ही चहाचा कप घेऊन खिडकीशी खुर्ची ओढून बसलो. आयुष्यभर सौंदर्यशास्त्र शिकवलेलं, तेव्हा मनात शब्द तयारच होते. तेवढ्यात खाली पाहिलं तर मुलगी फावडं घेऊन गाडीची वाट मोकळी करत होती. तिला सातला कामावर निघायचं होतं. अर्ध्या-पाऊण तासानं ती आत आली, हातमोजे काढून कमरेला हात लावून उभी राहिली. आम्ही म्हटलं, “काय सुंदर आहे गं!” ती म्हणाली, “हो बाबा. पण आजचं ओलं आहे. ओलं म्हणजे जड.”

बस, एवढंच. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पण ते वाक्य आमच्या मनातून गेलं नाही. आम्हाला बर्फाचा एकच गुण दिसत होता, पांढरेपणा. तिला ओला बर्फ आणि कोरडा बर्फ असा भेद कळत होता, आणि तो तिला डोळ्यांनी कळण्याआधी कमरेनं कळला होता. आता प्रश्न असा की आमच्या दोघांपैकी बर्फ अधिक पाहिला कोणी?

आपली भाषाच बघा. ‘बर्फ’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, ‘हिम’ संस्कृतातून. आकाशातून भुरभुर पडतो तो बर्फ आणि मच्छीबाजारात लादीवर असतो तोही बर्फच. गोळेवाल्याकडे किसून मिळतो तोही तोच. दोघांसाठी वेगळे शब्द आपल्याला लागले नाहीत, कारण पडणाऱ्या बर्फाशी आपला व्यवहार नव्हता. व्यवहार नव्हता म्हणूनच त्याच्याविषयी आपल्याला इतकं कौतुक. ज्या गोष्टीशी कधी गाठ पडत नाही, तिच्यावर प्रेम करणं फार सोपं असतं.

आता कांटकडे वळू. १७९० च्या ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये तो म्हणतो की गडगडणारे ढग, ज्वालामुखी, खवळलेला समुद्र ही दृश्यं जितकी भयंकर तितकी आपल्याला ओढ लावतात, फक्त आपण स्वतः सुरक्षित जागी असलो पाहिजे. ही अट लक्षात ठेवा. पुढच्याच कलमात एक शेतकरी येतो. आल्प्समधल्या साव्हॉय प्रांतातला. सोस्यूर नावाचा जिनिव्हाचा शास्त्रज्ञ, जो १७८७ मध्ये माँ ब्लाँ शिखरावर चढला, त्यानं या शेतकऱ्याची हकीकत लिहून ठेवली होती. तो शेतकरी म्हणे बर्फाच्या डोंगरांच्या सगळ्या भक्तांना सरळ मूर्ख म्हणत असे. कांट त्याला भला आणि समजूतदार म्हणतो, पण त्याचं निदान असं की उदात्ताचा प्रत्यय यायला मनाची मशागत लागते, ती नसेल तर माणसाला तिथे नुसतं भय दिसतं. अर्थात कांट प्रामाणिक आहे. तो एवढं कबूल करतो की सोस्यूर केवळ हौसेखातर गेला असता तर शेतकऱ्याचं अगदीच चुकलं नसतं. पण तो गेला माणसांच्या ज्ञानासाठी.

आमचा आक्षेप इथे आहे. या सगळ्या प्रकरणात त्या शेतकऱ्याला कोणी विचारलं का, की बाबा रे, तू मूर्ख का म्हणतोस? सतराव्या शतकात त्याच साव्हॉयमध्ये शामोनीच्या खोऱ्यात हिमनद्या पुढे सरकत आल्या, शेतं आणि वस्त्या त्यांनी गिळल्या. गावकऱ्यांनी बिशपना बोलावून हिमनदीसमोर प्रार्थना करवली. म्हणजे त्या शेतकऱ्याच्या आज्या-पणज्यांनी जे पाहिलं होतं, ते कांटनं पाहिलं नव्हतं. कोनिग्सबर्गची थंडी कांटला ठाऊक होती, पण तो त्या परिसराबाहेर फारसा गेलाच नाही. त्यानं उंच पर्वत उभ्या आयुष्यात पाहिला नाही. त्या पुस्तकात शेतकऱ्याच्या वाट्याला एक वाक्य आलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

आपल्याकडेही असंच आहे. कालिदासानं ‘कुमारसंभवा’च्या आरंभी हिमालयाचं वर्णन करताना बर्फ हा दोष मानला आहे. रत्नांची खाण असलेल्या पर्वतात तो एक दोष लपून जातो, चंद्राच्या किरणांत डाग लपावा तसा. पुढे कुणा अनाम कवीनं त्याला टोला दिला की दारिद्र्य नावाचा एकच दोष सगळे गुण बुडवतो, हे या कवीनं पाहिलेलं दिसत नाही. आम्हाला हा टोला फार महत्त्वाचा वाटतो. दोष लपतो की नाही हे ठरवायचा अधिकार कोणाचा? लांबून पाहणाऱ्याचा, की तो दोष ज्याच्या घरात आहे त्याचा?

मग कल्पना करा, त्या साव्हॉयच्या शेतकऱ्याला स्वतःचं पुस्तक लिहिता आलं असतं तर? असं एक पुस्तक खरोखर आहे, फक्त ते आल्प्समध्ये नाही, जपानमध्ये लिहिलं गेलं. त्याचं नाव ‘होकुएत्सु सेप्पु’. लेखक सुझुकी बोकुशी, जन्म १७७०, मृत्यू १८४२. एचिगो प्रांतातल्या, म्हणजे आजच्या निइगातामधल्या, शिओझावा गावचा कापडाचा व्यापारी.

तिथे बर्फ इतका का पडतो, हे आपल्याला सह्याद्रीवरून चटकन कळेल. हिवाळ्यात सायबेरियाकडून कोरडे गार वारे निघतात, जपानच्या समुद्रातल्या उबदार प्रवाहावरून येताना ओलावा उचलतात आणि मधल्या डोंगररांगेला धडकतात. सगळा बर्फ डोंगराच्या अलीकडे, पलीकडे तोक्योच्या बाजूला मात्र निळं कोरडं आकाश. आपल्याकडे घाटमाथ्यावर कोसळधार आणि माण-खटावात धूळ, तसंच. त्यामुळे एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, रसिकाला बर्फ वितभर दिसायचा आणि बोकुशीच्या गावात तो घराच्या छपरापर्यंत चढायचा.

हे एदोच्या लोकांना कळावं म्हणून बोकुशीनं पुस्तक लिहायला घेतलं. त्या काळच्या नामवंत लेखकांशी पत्रव्यवहार केला, मजकूर पाठवला, चित्रं पाठवली. कोणी आश्वासन दिलं, कोणी वर्षानुवर्षं बाड ठेवून घेतलं. अखेर सान्तो क्योझान या लेखकानं संपादन केलं आणि १८३७ मध्ये पहिला भाग निघाला. या खटपटीत सुमारे चाळीस वर्षं गेली. लांबच्या माणसाला जवळची गोष्ट सांगायला चाळीस वर्षं लागली, असं म्हणा ना.

पुस्तकाच्या आरंभीच त्यानं फरक मांडला आहे. उबदार प्रांतातले लोक पहिला बर्फ पडला की साके घेऊन बसतात, गाणं-बजावणं करतात, कविता करतात, चित्रं काढतात. आमच्याकडे पहिला बर्फ पडला की पुढच्या कित्येक महिन्यांच्या कष्टांची धास्ती बसते. नंतर तो एका शब्दाकडे लक्ष वेधतो. शहरात बर्फ ‘झाडतात’, गळालेल्या पाकळ्या झाडाव्यात तसा, आणि त्यालाही रसिकता समजतात. आमच्याकडे मात्र बर्फ ‘खणतात’, माती खणावी तसा. एकच पदार्थ, पण क्रियापद बदललं की जग बदललं. आमच्या मुलीचं ‘ओलं म्हणजे जड’ हे याच जातीचं वाक्य आहे.

त्यात एक हकीकत आहे, ती वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवलं होतं. एक तरुण शेतकरी जोडपं. पहिला मुलगा झालेला. उघडीप पाहून सुनेनं माहेरी बाळ दाखवायला जायचं म्हटलं, सासू-सासऱ्यांनी आनंदानं नवऱ्याला सोबत धाडलं. वाटेत अचानक हिमवादळ उठलं. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांना बर्फाखालून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. उकरून पाहिलं तर आई-बाप एकमेकांचा हात धरून गेलेले आणि बाळ आईच्या कुशीत जिवंत. बोकुशी यावर भाष्य फारसं करत नाही. पण ज्यानं ही गोष्ट वाचली, त्याला साकेचा पेला उचलताना क्षणभर थांबावं लागेल, एवढं तो साधतो.

इथवर वाचून बरेच जण निष्कर्ष काढतात की बोकुशीचं म्हणणं सोपं आहे. शहरवाल्यांना बर्फ सुंदर वाटतो, कारण त्यांना तो भोगावा लागत नाही. जो भोगतो त्याला सौंदर्य दिसत नाही. हा निष्कर्ष आम्हाला चुकीचा वाटतो, आणि आजच्या व्याख्यानाचा मुद्दा हाच आहे. तसं म्हणणं म्हणजे कांटला शरण जाणंच झालं. सुरक्षित अंतर असेल तरच सौंदर्य, नसेल तर भय, हे त्याचं समीकरण आपण जसंच्या तसं मान्य केलं, फक्त शेतकऱ्याबद्दल हळहळ व्यक्त केली, इतकंच.

पण पुस्तक काय सांगतं? बोकुशीनं त्यात बर्फाच्या कणांची चित्रं दिली आहेत, सहा पाकळ्यांची. ती त्यानं दोई तोशित्सुरा या सरदाराच्या १८३२ च्या पुस्तकातून घेतली. हा सरदार सूक्ष्मदर्शकातून बर्फाचे कण पाहून त्यांची चित्रं काढत असे. विचार करा, ज्याला बर्फ नुसता शत्रू वाटतो तो त्याच्या कणाची आकृती छापायला कशाला जाईल? दुसरं, चिजिमीचं प्रकरण. चिजिमी म्हणजे एचिगोचं उन्हाळी कापड, तागासारख्या एका झाडाच्या सालीच्या धाग्याचं, तलम, बारीक चुण्यांचं. तो धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून बर्फाच्या ओलसर दिवसांतच तो सूत करायचा आणि विणायचा. मग हिवाळा सरताना कापड उन्हात बर्फावर पसरून ठेवायचं, की ते शुभ्र होतं. ही कला आजही टिकून आहे आणि २००९ मध्ये युनेस्कोनं तिला वारसा म्हणून मान्यता दिली. बोकुशी हे सगळं लिहितो तेव्हा त्याचा सूर पाहा. तिथे तक्रार नाही, अभिमान आहे. हे कापड बर्फाचं अपत्य आहे, असं त्याला मनापासून वाटतं.

म्हणजे सौंदर्याकडे जायला दोन दारं आहेत. एक अंतराचं, त्याची किल्ली सुरक्षितता. दुसरं परिचयाचं, त्याची किल्ली कष्ट. कांटला पहिलं दार नीट दिसलं. दुसरं दिसलं नाही, कारण त्या दारातून बाहेर येणाऱ्या माणसाशी तो बोललाच नाही.

आता बोकुशीलाही प्रश्न विचारला पाहिजे. नाहीतर आपण कांटला उतरवून बोकुशीला देव्हाऱ्यात बसवू, आणि ते तत्त्वज्ञानाचं काम नव्हे. त्याच्याच पुस्तकात एका विणकर मुलीची गोष्ट आहे. तिला पहिल्यांदाच उंची कापडाचं काम मिळालं. आईचीही मदत न घेता तिनं जीव ओतून ते विणलं. कापड शुभ्र होऊन परत आलं तर त्यावर नाण्याएवढा काजळीचा डाग. मुलीनं कापडात तोंड खुपसून हंबरडा फोडला आणि तिथेच तिला वेड लागलं. बोकुशी ही गोष्ट तिच्या निष्ठेची म्हणून सांगतो. आम्ही विचारतो, त्या एका डागाला एवढी किंमत कोणी लावली? ज्या बाजारात ते कापड जायचं त्या बाजारानं, आणि बोकुशी त्याच बाजारातला व्यापारी होता. एदोचा रसिक बर्फापासून लांब होता, तसा बोकुशी मागापासून लांब होता. लांब-जवळ हे मैलांत मोजायचं प्रकरण नाही. एकाच गावात, एकाच घरात अंतर असू शकतं. आमची खिडकी आणि मुलीचं फावडं यांत किती अंतर होतं? वीस पावलं.

दुसरं पुस्तक याच प्रदेशातलं, शंभर वर्षांनंतरचं. यासुनारी कावाबाताची ‘युकिगुनी’, म्हणजे हिमप्रदेश. १९३५ पासून ती तुकड्यातुकड्यानं येत गेली, १९४८ मध्ये पूर्ण झाली. कावाबाताला १९६८ मध्ये नोबेल मिळालं. आरंभी गाडी लांब बोगद्यातून बाहेर येते आणि एकदम बर्फाच्या मुलखात पोचते. हा बोगदा १९३१ मध्ये सुरू झाला होता. बोकुशीच्या काळी जे अंतर ओलांडायला दिवसच्या दिवस लागत, ते आता काही तासांवर आलं आणि तोक्योचा नायक शिमामुरा हवापालटाला येऊ शकला.

हा शिमामुरा वडिलार्जित पैशावर जगतो आणि पाश्चात्त्य बॅलेवर लेख लिहितो. त्यानं बॅले कधी पाहिलेलाच नाही! पाहिलेला नाही म्हणूनच त्याला त्यावर लिहायला आवडतं. (हशा) हसू नका, आम्ही हिमालयाच्या कवितेवर वर्ग घेतले आहेत, बर्फाला हात न लावता. शिमामुरा हा अंतराच्या सौंदर्याचा मूर्तिमंत पुतळा आहे. तिथली गेइशा कोमाको त्याच्यात जीव गुंतवते, रोजनिशी लिहिते, वाचलेल्या कादंबऱ्यांच्या नोंदी ठेवते, आणि हे सगळं पाहताना त्याच्या मनात पुन्हा पुन्हा एकच विचार येतो, की हिचे श्रम व्यर्थ आहेत. पाहणाऱ्याला दुसऱ्याचे श्रम नेहमीच थोडे व्यर्थ आणि म्हणून थोडे सुंदर वाटतात.

शिमामुराकडे जुनी चिजिमीची वस्त्रं आहेत आणि तो ती दर वर्षी बर्फावर शुभ्र करायला त्या मुलखात पाठवतो. या भागासाठी कावाबाता बोकुशीच्या पुस्तकाचा आधार घेतो. पण हातातून हातात जाताना काय गळलं ते पाहा. बोकुशीच्या कापडावर मुलीचा डाग होता. शिमामुराला मात्र कापड अंगावर घालताना गारवा जाणवतो, त्यामागच्या अनाम मुलींविषयी हुरहुर वाटते, आणि ती हुरहुरही सुखाचीच आहे. एकीचा हिवाळा दुसऱ्याचा सुखद उन्हाळा होतो.

मग कावाबाता दोषी का? अनेक टीकाकार तसं म्हणतात. आम्ही पूर्ण सहमत नाही. कादंबरी नायकाची पोकळी झाकत नाही. तो कोणालाच काही देऊ शकत नाही, हे ती शेवटच्या आगीपर्यंत दाखवत राहते. मात्र एक खरं की कोमाकोचं जगणं तिच्या स्वतःच्या हिशेबात किती जड होतं, ते तोलायला आपल्याला कादंबरीत जागा मिळत नाही. आपण सतत शिमामुराच्या खिडकीशी बसलेले असतो. म्हणून आमचं सांगणं असं की ही दोन पुस्तकं जोडीनं वाचावीत. कावाबाता वाचून डोळा तयार होतो, बोकुशी वाचून कंबर.

आजही निइगातात बर्फ भरपूर पडतो. जपाननं १९६२ मध्ये अतिहिमवृष्टीच्या प्रदेशांसाठी खास कायदा केला. रस्त्यांवर भूजलाचे फवारे आहेत, बर्फ ढकलणारी यंत्रं आहेत. तरीही दर हिवाळ्यात छपरावरचा बर्फ उतरवताना माणसं दगावतात, आणि त्यांत मोठा वाटा पासष्टीच्या पुढच्यांचा असतो. म्हणजे आमच्या वयाच्यांचा. तरुण शहरात गेले, छप्पर म्हाताऱ्यांवर आलं. पण त्याच प्रदेशात ताकादा नावाचं जुनं गाव आहे, तिथली एक रीत आम्हाला फार आवडते. प्रत्येक घरमालक आपल्या मालकीच्या जागेत, रस्त्याच्या बाजूला, पडवीसारखं छप्पर पुढे काढतो. सगळ्यांच्या पडव्या जोडल्या की बर्फाळ दिवसांत गावभर सुक्या पायानं फिरता येतं. जागा माझी, वाट सगळ्यांची. बर्फावर प्रेम करण्याची ही पद्धत आम्हाला कुठल्याही कवितेइतकी मोलाची वाटते.

शेवटी आपल्या अंगणात येऊ, कारण बर्फ आपला नसला तरी हा प्रश्न आपला आहे. आपला बर्फ म्हणजे पाऊस. जुलैत आपण धुकं आणि धबधबे पाहायला घाटात जातो, इर्शाळगडासारख्या गडांवर चढतो. त्याच गडाखालच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. त्याआधी ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं. त्या पावसाचे फोटो सुंदर होते, हे खोटं नाही. म्हणून आता घाटात जाऊच नये का? आम्ही असं म्हणणार नाही. सौंदर्याचा आनंद घेणं हा गुन्हा नाही, आणि अपराधी भावनेनं कोणाचं छप्पर वाचत नाही.

आमचं म्हणणं एवढंच. कांटनं सुरक्षित अंतर ही सौंदर्याची अट मानली. आपण तिला एक पोटकलम जोडू या: ती सुरक्षितता आपल्याला कोणाच्या कष्टांमुळे मिळाली, हे पाहणाऱ्याला ठाऊक हवं. खिडकीशी बसलेल्याला वाट उपसणारा दिसला, तर त्याचं पाहणं कमी सुंदर होत नाही. ते अधिक खरं होतं.

त्या हिवाळ्यात दुसऱ्यांदा बर्फ पडला तेव्हा आम्ही मुलीच्या मागे बाहेर गेलो. मुलीनं फावडं हातात दिलं नाही, म्हणाली, “बाबा, तुम्ही नको, पाठीत उसण भरेल.” मग आम्ही झाडू घेऊन गाडीच्या काचा झाडल्या. बोकुशी म्हणाला असता, झाडलंत, खणलं नाहीत. खरं आहे. पण हातमोज्यावर पडलेला एक कण जवळून पाहता आला, आणि त्या दिवशीचा बर्फ कोरडा आहे, हे आम्हाला कोणी न सांगता कळलं.

पुढच्या वेळी अभिनवगुप्ताकडे जाऊ. रसास्वादाला ‘मी’ आणि ‘माझं’ हे विघ्न आहे असं तो मानतो. ते अंतर आणि कांटचं अंतर एकच आहे का, हे पाहू. प्रश्न असतील तर आता विचारा.